दीड इंच

१

टक्.

पितळ फरशीला लागल्याचा आवाज. शिंप्याच्या टेपला टोकाशी पितळेची पट्टी असते. खांद्यापासून टेप खाली सोडली की ती जमिनीला लागते आणि असा आवाज होतो. आमच्या घरात तो दिवसातून पन्नास वेळा व्हायचा, कुणी कान देत नसे. पण एका दुपारचा मला अजून ऐकू येतो. त्याला सदुसष्ट वर्षं झाली.

मी नऊ वर्षांचा होतो. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक जाड पडदा. मी पडद्यामागे बसून शर्टांना बटणं लावत होतो. पुढे बाबा एका गिऱ्हाइकाचं माप घेत होते आणि दादा, माझा थोरला भाऊ, वहीत लिहीत होता. आमच्याकडे एक रीत होती. माप घेणारा आकडा मोठ्याने बोलणार, लिहिणारा तोच आकडा परत बोलणार आणि मगच लिहिणार. चूक होऊ नये म्हणून.

"छाती अडतीस."

"अडतीस."

"उजवी बाही साडेतेवीस."

"साडेतेवीस."

"डावी बाही पंचवीस."

दादा जरा थांबला. मग म्हणाला, "पंचवीस."

 मग टेपचा आवाज आला. टक्.

थोड्या वेळाने बाबा पुन्हा आकडे बोलू लागले. आता आकडे वेगळे होते. छाती चौतीस. खांदा सतरा. पण या वेळी परत कुणी बोलेना. प्रत्येक आकड्यानंतर बाबा थांबत होते. आत बसून मला ते सोसेना. माप ऐकलं की परत बोलायचं, ही सवय हाडात मुरलेली.

"उजवी बाही तेवीस," बाबा म्हणाले.

"तेवीस," मी आतून हळूच म्हणालो.

"डावी बाही साडेचोवीस."

"साडेचोवीस."

टक्.

मी पडदा सारून बाहेर आलो तेव्हा दुकानात बाबा एकटेच होते. वहीवर वाकलेले. त्यांचा पेन्सिलीचा हात वरून खाली आला आणि थांबला. दादा नव्हता. तो पुन्हा कधीच आला नाही. लोक म्हणाले, पळाला. एकोणिसाव्या वर्षी पोरं पळतात. बाबांनी मरेपर्यंत त्याचा विषय काढला नाही, आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं की आतून आकडे मी बोललो होतो.

२

आता घरात आम्ही दोघंच. मी आणि माझी नात. तिची आई तिच्या जन्माच्या वेळीच गेली, बापाने लांब दुसरा संसार थाटला. तिला वाढवलं मी. लहानपणी काडीसारखी बारीक, आणि प्रश्न असे टोचायचे की मी तिचं नाव सुई ठेवलं. तिशी आली तरी नाव टिकलं आणि टोचणंही टिकलं.

ती एका दवाखान्यात रुग्णांच्या फायली सांभाळते. तिथल्या कुणीतरी आपल्या घराण्याची वंशावळ काढली, भिंतीवर लावली. झालं. आमची सुई पण एक भला मोठा कागद घेऊन आली. खाली तिचा चौकोन, वर तिच्या बापाचा, वर माझा, वर बाबांचा. बाबांच्या वर एक चौकोन रिकामा.

"आजोबा, तुमच्या बाबांचे बाबा कोण?"

"मास्तर."

"मास्तरांनी वाढवलं. जन्म कुणाचा?"

"दुकानातल्या टेबलावर सापडले."

"टेबलाला मूल होत नाही, आजोबा."

मला हसू आलं, पण जे ठाऊक होतं ते सांगावं लागलं. शंभराहून जास्त वर्षं झाली. तेव्हा हे दुकान एका बिनलग्नाच्या म्हाताऱ्या शिंप्याचं होतं. त्याला सगळे मास्तर म्हणत. एक माणूस कोटाचं माप देऊन गेला. कापड मागाहून आणतो, म्हणाला. दुपारी मास्तर जेवून बाहेर येतात तर कापायच्या टेबलावर कोटाचं कापड, आणि त्या कापडात गुंडाळलेलं मूल. ते मूल म्हणजे बाबा. मास्तरांनी मूल ठेवून घेतलं आणि कोटही शिवला. कापड घेतलं की कपडा व्हायलाच हवा, असा त्यांचा नेम. गिऱ्हाईक कोट न्यायला आलं नाही. तो कोट आमच्या कपाटात अजून आहे.

सुईचे डोळे चमकले. "म्हणजे माप आहे? त्या माणसाचं माप वहीत आहे?"

"असेल."

"आजोबा! लोकांना पणजोबाचा साधा फोटो मिळत नाही. आपल्याकडे अख्खा माणूस आहे, फक्त चेहरा नाही."

मी तिच्या हातांकडे बघायचं टाळलं. कारण एक गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. तिचा डावा हात उजव्यापेक्षा दीड इंच लांब आहे. बाबांचा तसाच होता, दादाचा तसाच. माझे दोन्ही सारखे, माझ्या मुलाचेही सारखे. ती तीन वर्षांची असताना मी तिला पहिला फ्रॉक बेतला आणि टेपवर डावी बाही जास्त भरली. तेव्हापासून तिचे सगळे कपडे मीच शिवले. डावी बाही गुपचूप लांब कापायची आणि तोंड मिटून बसायचं. आणि तिचं माप वहीत कधी लिहायचं नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. दादा गेला तशी ही जाऊ नये, एवढंच कळत होतं.

३

कोट मी दर महिन्याला कपाटातून काढतो, झटकतो, उन्हात धरतो, परत ठेवतो. बाबा करायचे म्हणून मी करतो. काळ्या लोकरीचा, घट्ट विणीचा. त्याला कसर लागली नाही.

सुईला त्याचा फोटो काढायचा होता. मी तो टेबलावर पसरला आणि माझा हात तिथेच थांबला. कोपराशी, बाहीच्या आतल्या अंगाला, बारीक मोडी पडल्या होत्या. तीन, एकाखाली एक.

"काय झालं?"

"काही नाही."

न घातलेल्या कोटाला कोपराची मोड पडत नाही. हात वाकला तरच ती पडते. मी मनाला म्हटलं, म्हाताऱ्या, तूच तो वाकडा टांगलास. ओला फडका ठेवून इस्त्री फिरवली, मोडी गेल्या. कोट हँगरला लावून कपाट बंद केलं.

दोन दिवसांनी उघडून पाहिलं. तीन मोडी, एकाखाली एक. आणि हाताखाली कापड किंचित ऊबदार लागलं. कपाटाला दुपारी ऊन लागतं, असं मी स्वतःला समजावलं. मग आठवलं, ते कपाट ज्या भिंतीला आहे तिकडे ऊन येतच नाही.

४

मापाच्या वह्या अकरा. पहिल्या चार मास्तरांच्या, मग तीन बाबांच्या, उरलेल्या माझ्या. गिऱ्हाइकाचं नाव आम्ही लिहीत नाही, नंबर देतो. नंबरापुढे कपडा, त्यापुढे मापं. कपडा गिऱ्हाइकाने नेला की त्या ओळीवर वरून खाली तिरकी रेघ. रेघ म्हणजे काम संपलं.

सुईने दुकानाचं शटर उघडायचं ठरवलं. सहा वर्षं ते बंद होतं. "तिथलं टेबल मोठं आहे, उजेड आहे. आत कागद मावत नाही माझा."

"बंदच राहू दे ना."

"तुम्ही काय दुकानात भूत कोंडून ठेवलंय का?" ती हसत म्हणाली आणि शटर वर ढकललं. रस्त्यावरचा उजेड आत आला. समोरचा चपला शिवणारा ओरडला, "काय मास्तर, पुन्हा धंदा सुरू? माझी पँट सहा वर्षं उसवलीय!" सुईही हसली. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

तिला पहिल्या वहीतच सापडलं. नंबर चारशे सतरा. कोट. छाती अडतीस, खांदा अठरा, उजवी बाही साडेतेवीस, डावी पंचवीस. रेघ नाही. त्याखाली चारशे अठरा. झबलं. छाती पंधरा. डावी बाही पाव इंच जास्त. झबलं म्हणजे बाबांचं. मास्तरांनी त्यांचं पहिलं माप घेतलं ते.

"दोघांचीही डावी जास्त," सुई म्हणाली. मग ती उठली, भिंतीवरची टेप काढली आणि स्वतःच्या बाह्या मोजल्या. एकदा. पुन्हा एकदा. मी मान खाली घातली.

"आजोबा, तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"तीस वर्षं मला वाटायचं, बाजारातला कपडा मला बसत नाही म्हणजे मीच वाकडी." तिचे डोळे भरले, पण ती हसत होती. "मी वाकडी नाही. मी त्यांची आहे."

तिला तीस वर्षांत इतकं आनंदी मी पाहिलं नव्हतं. आणि मला त्या शटरखाली चिरडून मरावंसं वाटत होतं.

५

सहाव्या वहीत ती थांबली. ती वही मी कधी उघडली नव्हती.

"हे बघा. पुन्हा चारशे सतरा. त्रेचाळीस वर्षांनी. सगळी मापं तीच. माणूस म्हातारा होतो, आजोबा. पोट सुटतं, खांदे पडतात. ह्याचं पाव इंच हललेलं नाही."

"बाबांनी जुनं उतरवून घेतलं असेल."

"पण ही मापं लिहिणाऱ्याचं अक्षर बाबांचं नाही. वळणदार आहे." ती अक्षरावर बोट ठेवून होती. मी ते ओळखलं. दादाचं अक्षर सुरेख होतं. "आणि खालची ओळ बाबांची आहे. नंबर नाही. छाती चौतीस, खांदा सतरा, उजवी बाही तेवीस, डावी साडेचोवीस. हे कुणाचं?"

 माझ्या ओठांनी हळूच ते आकडे परत म्हटले.

"आणि ह्याच्यावर रेघ आहे. म्हणजे नेलं." सुईने वही उजेडाकडे फिरवली. "पण कपड्याच्या नावाची जागा कोरी आहे, आजोबा. मग नेलं काय?"

मग मी तिला सगळं सांगितलं. ते माप दादाचं होतं. दादा, पडदा, आकडे, मी आतून काय बोललो ते. सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा. तिने माझा हात हातात घेतला.

"तुम्ही नऊ वर्षांचे होतात."

"हे शोधणं सोड, पोरी. चौकोन राहू दे रिकामा. रिकाम्या चौकोनाने कुणाचं काय बिघडलंय?"

"माझं बिघडलंय. मला एकदा चेहरा बघायचाय. फक्त एकदा. मग कागद गुंडाळून ठेवीन. शप्पथ."

तिने शेवटची, माझी, वही पुढे ओढली. शेवटच्या पानावर मी सहा वर्षांपूर्वी एका पोस्टमनच्या पँटचं माप लिहून दुकान बंद केलं होतं. ती ओळ होती, तिच्यावर रेघही होती. पण तिच्याखाली आणखी एक ओळ होती. चारशे सतरा. अडतीस, अठरा, साडेतेवीस, पंचवीस. अक्षर माझं. पण हात थरथरायला लागण्याच्या आधीचं माझं अक्षर, सरळ आणि ठाम. तसं लिहायला मला आज जमणार नाही.

"हे कधी लिहिलंत?"

"आठवत नाही." हे खरं होतं. म्हातारपणी माणूस विसरतो, असं मी मनाशी दहा वेळा म्हटलं. अकराव्या वेळेला ते म्हणवेना.

त्या ओळीखाली एक ओळ आखून ठेवली होती. तिच्यात काहीच नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडद्यामागे पडलो होतो. शटर बंद कर, असं सुईला सकाळीच सांगितलं होतं. तिने "करते" म्हटलं होतं.

टक्.

मी उठून बसलो.

"आजोबा," सुईचा आवाज आला. नेहमीचा, पण अगदी हळू. "कुणीतरी माप द्यायला आलंय."

मी बाहेर आलो. ती टेबलामागे लिहिणाऱ्याच्या जागी बसली होती. वही उघडी, हातात पेन्सिल. माझ्याकडे पाठ करून एक माणूस उभा होता. माझ्या उंचीचा. काळा कोट. मी कपाटाकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. त्याच्या डाव्या कोपराशी तीन मोडी होत्या.

मी सुईकडे बघितलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, पापणी न लवता.

मी काय करायला हवं होतं? त्याला ढकलायचं? आरडाओरडा करायचा? समोरचा चपला शिवणारा नेहमीसारखा खाली मान घालून टाचा ठोकत होता, त्याचा हातोडा मला ऐकू येत होता. माझ्या हातात टेप होती. मी कधी उचलली, ठाऊक नाही. आयुष्यभर कुणी समोर उभं राहिलं की मी एकच काम केलंय. हातांनी ते आपसूक सुरू केलं.

"छाती अडतीस."

"अडतीस," सुई म्हणाली.

छातीचं माप घेताना टेपला श्वास कळतो. बोटाखाली टेप किंचित ताणते, किंचित सैल पडते. मी वाट बघितली. टेप हलली नाही.

"खांदा अठरा. उजवी बाही साडेतेवीस."

"अठरा. साडेतेवीस."

"डावी बाही पंचवीस."

"पंचवीस."

मी टेप खाली सोडली. टक्. मान वर करून त्याचं तोंड बघायची मला हिंमत झाली नाही. मी त्याच्या बुटांकडे बघत होतो. ते बूट एक पाऊल बाजूला सरकले आणि थांबले. त्याच्यासमोर जागा रिकामी झाली. आता दुसऱ्या कुणीतरी तिथे उभं राहायचं होतं.

सुई उठली. वही आणि पेन्सिल घेऊन त्या जागी येऊन उभी राहिली. डावा हात तिने स्वतःहून लांब केला.

७

बाबा मला म्हणायचे, शिंप्याने सगळं करावं, माप खोटं बोलू नये. साठ वर्षं मी बोललो नव्हतो.

मी तिच्या छातीचं माप बोललो, खांद्याचं बोललो, ती परत बोलली, लिहीत गेली. "उजवी बाही एकवीस."

"एकवीस."

मग मी टेप तिच्या डाव्या हातावर धरली. खांद्यापासून मनगटापर्यंत. हा हात मी तापात कुरवाळला होता, शाळेत नेताना धरला होता. आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, साडेबावीस.

"डावी बाही," मी म्हणालो, "एकवीस."

बाहेरचा हातोडा थांबला. सुईने माझ्याकडे बघितलं. तिला खरा आकडा माहीत होता, कालच तिने दोनदा मोजला होता. मी डोळ्यांनी तिच्या पाया पडलो. बोल, पोरी. एवढं एकदा खोटं बोल. आयुष्यभर तू म्हणशील ते करीन.

 "एकवीस," ती म्हणाली. आणि लिहिलं.

ते बूट बराच वेळ हलले नाहीत. मग ते वळले. फरशीवर त्यांचा आवाज आला नाही. उंबऱ्यापाशी उजेड क्षणभर अडला आणि मोकळा झाला. बाहेर चपला शिवणाऱ्याने पुन्हा ठोकायला सुरुवात केली.

 मी टेबलाला धरून उभा राहिलो. रडू आलं, हसू आलं, दोन्ही एकदम. "गेला," मी म्हणालो. "गेला, सुई. शटर ओढ."

ती जागची हलली नाही. दाराकडे बघत होती.

"पाहिलास ना चेहरा? तुला बघायचा होता. कसा होता? कुणासारखा होता?"

ती माझ्याकडे वळली. माझ्या तोंडाकडे तिने इतका वेळ बघितलं की मीच नजर खाली वळवली. आणि खाली तिच्या हातात उघडी वही होती.

तिच्या हातची ओळ. छाती, खांदा, उजवी बाही एकवीस. त्यापुढे तिच्या स्वच्छ, फायली लिहिणाऱ्या अक्षरात: डावी बाही साडेबावीस.

तोंडाने ती माझ्यासाठी खोटं बोलली होती. हाताला ते जमलं नव्हतं. तीस वर्षांनी जो आकडा तिचा म्हणून सापडला होता, तो तिला खोडवला नव्हता. कपड्याच्या नावाची जागा कोरी होती.

ती वही मी रोज उघडतो. ती ओळ तशीच आहे. बाबांनी रेघ मारली, मी मारलेली नाही, मारणारही नाही. जोवर रेघ नाही तोवर काम संपलेलं नाही, एवढं या धंद्यातलं मला कळतं. शटरही उघडंच ठेवतो.

त्या दुपारी मी तिला म्हणालो, "सुई, हे काय लिहिलंस, पोरी?"

तिने वही टेबलावर ठेवली, पेन्सिल तिच्या घडीत नीट ठेवली. माझ्या शर्टाच्या कॉलरवर एक दोरा लोंबत होता, तो काढला, लहानपणी दुकानात बसून काढायची तसा. टेबलावरचा तिचा मोठा कागद वाऱ्याने हलत होता, त्यावर तिने कात्री ठेवली. मग ती उंबरा ओलांडून, ज्या बाजूला तो उजेड मोकळा झाला होता त्या बाजूला चालत गेली.